तुमचे प्रश्न : लिव्हर कॅन्सर, इम्युनोथेरपी आणि एक्सोसोम

गेल्या अंकात लिव्हर कॅन्सरच्या इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराच्याच इम्युन सिस्टिमला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचारावर, लेख होता, त्यात 'कॅन्सरच्या पेशी एक्सोसोम नावाच्या बारीक पुड्या सोडून इम्युन सिस्टिमला गप्प बसवतात' असं एक वाक्य होतं, आणि आलेली बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आहेत. काही अभ्यास करणाऱ्यांची, बरीचशी घरात पेशंट असलेल्यांची. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. एवढं मात्र आधीच सांगते, इथलं वाचून कुणीही चालू औषध थांबवू नका आणि नवीन सुरू करू नका, तुमचे रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांसमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी बीएस्सीला आहे. आमच्या सिनियरच्या जुन्या नोट्समध्ये एक्सोसोम म्हणजे पेशीने बाहेर टाकलेला कचरा असं लिहिलंय आणि आता लेक्चरमध्ये सांगतात की पेशी त्यातून एकमेकींशी बोलतात. नक्की काय धरायचं? आणि एवढं बारीक काही सापडलं तरी कसं?

उत्तर : दोन्ही धर, कारण सुरुवात कचऱ्यापासूनच झाली होती. १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या टीम, एक कॅनडातली रोझ जॉनस्टोन यांची आणि एक अमेरिकेतली फिलिप स्टाल यांची, कोवळ्या तांबड्या रक्तपेशींवर काम करत होत्या. तांबडी पेशी तयार होत आली की तिला लोह आत घेणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर लागेनासा होतो, मग तो जातो कुठे, एवढाच साधा प्रश्न होता. उत्तर असं निघालं की पेशी आपल्या पडद्याचा तो भाग आत ओढून घेते, त्या आत गेलेल्या पिशवीत आणखी बारीक पिशव्या तयार होतात, आणि मग ती मोठी पिशवी परत बाहेरच्या पडद्याला येऊन मिळते आणि आतल्या बारीक पुड्या बाहेर सोडून देते. या पुड्या म्हणजे एक्सोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. साध्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं नीट दिसत नाही, त्यामुळे त्यांना बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

पुढची बरीच वर्षं याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही, पेशी नको ते टाकून देते एवढंच समजलं जायचं. चित्र बदललं ते १९९६ मध्ये, ग्रासा रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बी-पेशी या इम्युन पेशींच्या एक्सोसोमवर एमएचसी रेणू, म्हणजे शत्रूचा तुकडा दाखवणारे रेणू, असतात आणि त्यातून टी-पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या इम्युन पेशी, जाग्या होऊ शकतात, म्हणजे ही पुडी इम्युन सिस्टिमशी थेट बोलते. आणि २००७ मध्ये स्वीडनच्या यान लोटवाल यांच्या गटाने दाखवलं की पुडीत आरएनएसुद्धा असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन तिथे कामाला लागतो. त्यानंतर मात्र या विषयावरच्या पेपरची रांगच लागली. शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी एक्सोसोम सोडतात, निरोगीसुद्धा, त्यामुळे एक्सोसोम म्हणजे कॅन्सर असं समीकरण डोक्यात बसवू नकोस.

कसं शोधतात ते विचारलंस म्हणून थोडं सविस्तर सांगते, कारण पुढच्या काही उत्तरांना हेच लागणार आहे. पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो घ्यायचा, आधी हळू फिरवून मेलेल्या पेशी आणि तुकडे काढून टाकायचे, मग अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक लाख पट जोराने तासभराहून जास्त फिरवायचं. ट्यूब बाहेर काढली की बहुतेक वेळा तळाशी डोळ्याला काहीच दिसत नाही, म्हणून ट्यूब आत ठेवतानाच बाहेरून मार्करने खूण करतात, म्हणजे थर कुठे बसला असणार ते कळतं आणि तेवढ्याच जागेवर थोडासा बफर सोडून तो अलगद उचलता येतो. आणखी एक गोम म्हणजे पेशी वाढवायला जो सीरम घालतात तो बहुधा वासराचा असतो आणि त्यात वासराचे एक्सोसोम असतातच, ते आधी काढून टाकले नाहीत तर तू मोजशील कॅन्सरचे म्हणून आणि निघतील वासराचे. शिवाय याच आकाराच्या पुड्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यातून थेट तुटूनही तयार होतात आणि दोन्ही वेगळ्या ओळखणं अवघड असतं, म्हणून या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय सोसायटी आता सरसकट 'एक्सोसोम' न म्हणता 'एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल' म्हणा असा आग्रह धरते, त्यांच्या २०१४, २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचना मिळाल्या तर वाच. सीडी९, सीडी६३, सीडी८१ या प्रोटीनवरून ओळख पटवतात, पण त्यातलं एकही एकटं पुरेसं नाही.

प्रश्न : ताई, बाबांना लिव्हरचा कॅन्सर आहे, हिपॅटायटिस बी मुळे आधी सिरोसिस (लिव्हरवर वण पडून ते कडक होणं) होता. अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब चालू केलं. त्याच वॉर्डात त्याच वेळी सुरू केलेल्या एका काकांची गाठ निम्म्यावर आली आणि बाबांची वाढली. औषध तेच, डॉक्टर तेच, मग आमचं काय चुकलं? हे एक्सोसोममुळे झालं का? कृपया नाव छापू नये.

उत्तर : 'आमचं काय चुकलं' ही ओळ आधी बाजूला ठेवू या. तुमचं काहीही चुकलेलं नाही, ना उशीर, ना काळजी घेण्यात, ना हॉस्पिटल निवडण्यात. ज्या मोठ्या ट्रायलवरून हे कॉम्बिनेशन २०२० मध्ये मान्य झालं त्यातसुद्धा गाठ ठळकपणे लहान झालेले पेशंट होते साधारण ३० टक्के. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांची गाठ काही काळ तशीच थांबली आणि काहींची वाढली. तरीही ते औषध आधीच्या सोराफेनिब या गोळीपेक्षा चांगलं ठरलं, निम्मे पेशंट ज्या टप्प्यापर्यंत जगले तो टप्पा १३.४ महिन्यांवरून १९.२ महिन्यांवर गेला. म्हणजे औषध चांगलंच आहे, फक्त ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, आणि का नाही हा आज या क्षेत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

आता लिव्हरचं बघा. आतड्यातून निघालेलं सगळं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्येच येतं, त्यात अन्नाचे अंश, जंतूंचे तुकडे, काय काय असतं, आणि प्रत्येक गोष्टीवर इम्युन सिस्टिम तुटून पडली तर लिव्हर रोज सुजेल. म्हणून हा अवयव मुळातच शांत राहायला शिकलेला आहे. तिथल्या कुप्फर पेशी (जंतू गिळणाऱ्या इम्युन पेशी), रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी, सगळ्या टी-पेशींना सबुरीनं घ्या असंच सांगत असतात. कॅन्सर अशा जागी वाढला की त्याला ही शांतता आयती मिळते, आणि वर वर्षानुवर्षं व्हायरस किंवा सिरोसिस असेल तर टी-पेशी आधीच दमलेल्या असतात.

टी-पेशीवर पीडी-१ नावाचा रिसेप्टर असतो, त्याला पीडी-एल१ नावाचं प्रोटीन येऊन चिकटलं की टी-पेशी थांबते. अ‍ॅटेझोलिझुमॅब हे पीडी-एल१ ला अडवतं म्हणून टी-पेशी पुन्हा काम करू शकते, आणि बेव्हासिझुमॅब हे नवीन रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रोटीनला अडवतं, त्याने गाठीच्या रक्तवाहिन्यांवर आणि तिथल्या दबलेल्या इम्युनिटीवर परिणाम होतो. पीडी-१ चा शोध लावणारे तासुकू होन्जो आणि सीटीएलए-४ या टी-पेशीवरच्या अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते यासाठीच.

आणि इथे एक्सोसोम येतात. पीडी-एल१ गाठीच्या पेशींच्या अंगावर असतं हे माहीत होतं, पण २०१८ मध्येच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वेई गुओ यांच्या गटाने मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये दाखवलं की पेशी हेच पीडी-एल१ एक्सोसोमवर लावून रक्तात सोडतात, म्हणजे टी-पेशी गाठीपर्यंत पोचायच्या आधीच तिला वाटेत थांबण्याचा सिग्नल मिळू शकतो. त्याच अभ्यासात एक बारकावा होता जो लोक सांगताना गाळतात. उपचाराआधी रक्तात असे एक्सोसोम जास्त असलेल्यांना औषध कमी लागू पडलं, पण उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ज्यांच्यात हे प्रमाण चांगलं वाढलं त्यांना उलट फायदा झाला, कारण टी-पेशी जाग्या होऊन इंटरफेरॉन-गॅमा हे सिग्नल देणारं प्रोटीन सोडायला लागल्या आणि त्याला उत्तर म्हणून गाठीने जास्त पुड्या सोडल्या. म्हणजे तोच आकडा आधी वाईट आणि नंतर चांगला. म्हणून रिपोर्टवर एखादा आकडा बघून घाबरू नका किंवा हुरळूनही जाऊ नका असं मी सारखं सांगत असते.

लिव्हरच्या कॅन्सरवर यातलं बरंच काम चीनमध्ये झालंय, कारण जगातले चाळीस टक्क्यांहून जास्त पेशंट तिथेच आहेत. २०२० मधलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथल्या संशोधकांना असं दिसलं की लिव्हर कॅन्सरच्या पेशी एक्सोसोममधून सर्क-यूएचआरएफ१ नावाचा गोल आकाराचा आरएनए सोडतात, तो एनके पेशींमध्ये जातो, एनके म्हणजे नॅचरल किलर, ज्या कुणी ओळख करून न देताही कॅन्सरच्या पेशी मारू शकतात. आत गेल्यावर हा आरएनए एका मायक्रोआरएनएला, म्हणजे प्रोटीन बनणं दाबणाऱ्या छोट्या आरएनएला, धरून ठेवतो, त्यामुळे त्या मायक्रोआरएनएने दाबून ठेवलेलं टिम-३ नावाचं प्रोटीन वाढतं, आणि टिम-३ वाढलं की एनके पेशी थकते आणि मारायचं थांबवते. आता पीडी-१ चं औषध कितीही द्या, इथे अडथळा टिम-३ चा आहे, पीडी-१ चा नाहीच. अशा पेशंटमध्ये पीडी-१ ची औषधं कमी चालतात असं त्यांनी मांडलं. तेच औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही, याचं एक शक्य कारण असं असू शकतं.

बाकीचे मार्ग भराभर सांगते. एक्सोसोममधून गेलेल्या एचएमजीबी१ या प्रोटीनमुळे काही बी-पेशी उलट्या इम्युनिटी दाबणाऱ्या बनतात, १४-३-३ झीटा नावाचं प्रोटीन टी-पेशींमध्ये जाऊन त्यांची ताकद कमी करतं, मॅक्रोफेज नावाच्या, जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी गाठीला मदत करणाऱ्या प्रकाराकडे झुकतात, आणि एक मायक्रोआरएनए फुप्फुसातल्या फायब्रोब्लास्टपर्यंत, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीच्या पेशींपर्यंत, पोचून तिथे कॅन्सर पसरायला जागा तयार करतो असंही उंदरांमध्ये दिसलंय.

पण ताई म्हणून विचारलंत तर सरळ सांगते, तुमच्या बाबांच्या बाबतीत हेच झालं असं आज कुणीही सांगू शकत नाही. यातलं बहुतेक काम डिशमधल्या पेशी, उंदीर आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींवर झालेलं आहे. औषध लागू न पडण्याची इतर कारणंही आहेत, काही गाठींमध्ये टी-पेशी मुळात शिरतच नाहीत, काहींमध्ये बीटा-कॅटेनिन जीनमधल्या बदलांचा संबंध दिसलाय, लिव्हर किती चांगलं चालतंय यावरही बरंच अवलंबून असतं. आता पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना हे विचारा की चाइल्ड-प्यू स्कोअर, म्हणजे लिव्हर किती चांगलं चालतंय त्याचा आकडा, सध्या काय आहे, कारण पुढचं औषध सोसेल की नाही हे त्यावर ठरतं, लेनव्हाटिनिब किंवा सोराफेनिबसारख्या गोळ्या देता येतील का, सीटीएलए-४ चं औषध असलेलं कॉम्बिनेशन बसेल का, एखादी ट्रायल सुरू आहे का. आणि हिपॅटायटिस बी ची गोळी, एन्टेकाव्हिर असो की टेनोफोव्हिर, ती कॅन्सरचं औषध बदललं तरी चालूच ठेवायची असते, या सगळ्या धावपळीत ती राहून जाते, ती राहू देऊ नका.

प्रश्न : मला सिरोसिस आहे. एक्सोसोमची रक्ततपासणी केली तर कॅन्सर अगदी सुरुवातीला कळतो असं वाचलं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीचा कंटाळा येतो, त्याऐवजी ही टेस्ट चालेल का?

उत्तर : नाही चालणार. सोनोग्राफी चुकवू नका, कंटाळा आला तरी.

कल्पना खरोखर चांगली आहे हे मान्य. गाठीने सोडलेल्या पुडीत गाठीचंच प्रोटीन आणि आरएनए असतं, पडद्याच्या आत असल्यामुळे ते रक्तात लवकर खराब होत नाही, आणि सुई घालून लिव्हरचा तुकडा काढण्यापेक्षा रक्त घेणं कितीतरी सोपं. एएफपी, म्हणजे लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं एक प्रोटीन रक्तात मोजायची जुनी तपासणी, बऱ्याच लहान गाठींमध्ये नॉर्मलच येते, त्यामुळे नवीन काहीतरी हवंच आहे. अडचण अशी की एका मिलीलिटर रक्तात अब्जावधी कण असतात, त्यातले कितीतरी प्लेटलेट आणि इतर रक्तपेशींनी सोडलेले, आणि त्याहून कितीतरी जास्त म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे लायपोप्रोटीन, त्यातले काही आकाराने तर काही घनतेने जवळपास तसेच. दोन सेंटिमीटरच्या गाठीचे एक्सोसोम यातून वेगळे काढायचे, तेही प्रत्येक लॅबमध्ये सारखे निघाले पाहिजेत. रक्त घेताना ते जोरात ओढलं, ट्यूब हलवली, तासभर उशिरा फिरवली, तरी प्लेटलेट आणखी पुड्या सोडतात आणि निकाल बदलतो. वर पहिल्या उत्तरात खूण केलेली ट्यूब सांगितली ती आठवा, इतकं नाजूक काम आहे हे.

प्रोस्टेटसाठी लघवीतल्या एक्सोसोमवर आधारलेली एक टेस्ट काही ठिकाणी वापरतात, त्यामुळे पुढे लिव्हरसाठी होणारच नाही असं मी म्हणत नाही. पण आजच्या घडीला सिरोसिस असलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, बहुतेक ठिकाणी सोबत एएफपी, हेच करायचं. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशन, ट्रान्सप्लांट किंवा सुईने जाळून टाकणं असे बरं करणारे उपाय हातात असतात, मोठी झाल्यावर ते हातातून जातात, आणि सुरुवातीला गाठ अजिबात दुखत नाही, म्हणून त्रास झाल्यावर बघू हा हिशेब इथे चालत नाही.

प्रश्न : एका क्लिनिकमध्ये आईसाठी 'स्टेम सेल एक्सोसोम थेरपी' सांगितलीय, सलाईनमधून देणार, लिव्हर रिपेअर होईल आणि इम्युनिटी वाढेल म्हणे. तिला लिव्हर कॅन्सर आहे, इम्युनोथेरपी चालू आहे. खर्च बराच आहे पण आम्ही करायला तयार आहोत. साइड इफेक्ट नाहीत असं सांगितलंय. करू का?

उत्तर : करू नका. हे उत्तर मी अगदी ठाम देतेय आणि त्याची कारणंही सांगते, म्हणजे घरात कुणी आग्रह धरला तर तुम्हाला बोलता येईल.

कुठल्याही आजारासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं एकही एक्सोसोमचं औषध नाही. उलट डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी लोकांना जाहीर सावध केलं होतं, कारण नेब्रास्का राज्यात अशी मान्यता नसलेली एक्सोसोमची उत्पादनं घेतलेल्या पेशंटना गंभीर त्रास झाल्याचे रिपोर्ट आले होते. साइड इफेक्ट नाहीत असं जे सांगतात त्यांना विचारा, किती पेशंटना दिलं, किती दिवस बघितलं, कुठे छापलं, कुठल्या नियामक संस्थेची परवानगी आहे, बाटलीत नक्की किती कण आहेत आणि ते कुणी मोजले. आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून औषधाचे एवढे पैसे सहसा घेत नाहीत, घेत असतील तर तिथेच सावध व्हा.

दुसरं कारण मला जास्त काळजीचं वाटतं. स्टेम सेलच्या एक्सोसोमचं गुणगान कशासाठी होतं, तर ते जखम भरून आणतात, नवीन रक्तवाहिन्या वाढवतात, सूज आणि इम्युन रिअ‍ॅक्शन कमी करतात म्हणून. आईला चालू असलेली इम्युनोथेरपी नेमकं उलटं काम करतेय, ती इम्युन रिअ‍ॅक्शन वाढवायचा प्रयत्न करतेय, आणि सोबत बेव्हासिझुमॅब असेल तर ते नवीन रक्तवाहिन्या रोखायचा. एकीकडून रोखायचं आणि दुसरीकडून तेच वाढवणारं काहीतरी शिरेत सोडायचं हे कुठल्या हिशेबात बसतं? लॅबमध्ये स्टेम सेलचे एक्सोसोम कधी गाठीला रोखताना दिसले आणि कधी वाढवताना, कुठल्या पेशींचे, कसे काढले, यावर ते बदलतं. अशी गोष्ट कॅन्सर असलेल्या माणसाला ट्रायलच्या बाहेर, कुणाची देखरेख नसताना देणं मला मान्यच नाही. आणि शिरेतून दिलेले बहुतेक एक्सोसोम प्राण्यांमध्ये थोड्याच वेळात लिव्हर आणि स्प्लीनमध्येच जाऊन बसतात असं दिसलंय, म्हणजे जिथे गाठ आहे तिथेच.

आईसाठी काहीतरी करायची तुमची धडपड कळते, काहीच न करता बसणं सगळ्यात अवघड असतं. ते पैसे आणि ती ताकद तिच्या नियमित तपासण्यांवर, आहारतज्ज्ञाकडे जाण्यावर, एखादा दुसरा ऑन्कॉलॉजिस्ट शांतपणे रिपोर्ट बघेल त्याच्यावर लावा. इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब, नवीन खोकला, दम लागणं, अंगावर पुरळ, खूप थकवा यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा, थायरॉइड, आतडं, फुप्फुस आणि लिव्हरलाही या औषधांनी सूज येऊ शकते आणि वेळेवर स्टेरॉइड दिले तर ती बहुतेक वेळा आवरते.

प्रश्न : मग एक्सोसोमपासून खरं औषध होणारच नाही का? नुसतं सगळं नाहीच सांगताय.

उत्तर : होऊ शकतं, आणि मला त्याची मनापासून वाट आहे. १९९८ मध्ये लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या गटाने डेंड्रिटिक पेशींचे एक्सोसोम देऊन उंदरांमधल्या गाठी आटोक्यात आणल्या होत्या. डेंड्रिटिक पेशींचं कामच हे की शत्रूचा तुकडा टी-पेशीला दाखवायचा, मग त्यांच्या पुड्याही तेच करतात. २००५ मध्ये मेलानोमा आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर याच्या पहिल्या छोट्या ट्रायल छापून आल्या, सुरक्षित वाटलं. पुढे २०१६ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २२ पेशंटवरचा दुसऱ्या टप्प्याचा निकाल आला, निम्म्या पेशंटचा आजार चार महिने थांबावा असं ध्येय होतं, थांबला ३२ टक्क्यांचा. एनके पेशी सुधारलेल्या दिसल्या, टी-पेशी फारशा हलल्या नाहीत. म्हणजे अपयशच, पण काहीतरी शिकवणारं.

लिव्हरसाठी २०१७ चं काम बघा, डेंड्रिटिक पेशींना एएफपी बनवायला लावलं, त्यांचे एक्सोसोम लिव्हर कॅन्सर असलेल्या उंदरांना दिले, तर गाठीत मारक टी-पेशी वाढल्या, दाबणाऱ्या टी-पेशी कमी झाल्या आणि उंदीर जास्त जगले. दुसरी दिशा म्हणजे पुडीत औषध भरून मॅक्रोफेजचा स्वभाव बदलायचा. स्टॅट६ हा जीन बंद करणारा तुकडा एक्सोसोमवर चढवून लिव्हर कॅन्सरच्या पेशंटमध्ये पहिल्या टप्प्याची ट्रायल २०२२ मध्ये सुरूही झाली होती, आणि त्यात हुशारी अशी की शिरेतून दिलेले एक्सोसोम लिव्हरकडेच जातात, हा इतर अवयवांच्या बाबतीत अडथळा असतो तो इथे फायदा ठरतो. ही ट्रायल करणारी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ते काम तिथेच अडलं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कल्पना फसली म्हणून नाही तर पैसे संपले म्हणून थांबलं. एक्सोसोम मोठ्या प्रमाणावर आणि दर खेपेला सारखे बनवणं फार महाग आणि किचकट आहे, गाडी अडते ती जास्त करून तिथेच.

प्रश्न : कॅन्सरच्या पेशींचं एक्सोसोम सोडणंच बंद करणारी गोळी का नाही देत?

उत्तर : लॅबमध्ये देतात. जीडब्ल्यू४८६९ नावाचं रसायन किंवा रॅब२७ए हा जीन बंद करून पुड्या कमी करता येतात, उंदरांमध्ये त्याने इम्युनोथेरपीला मदतही झालेली दिसलीय. पण मेंदू, हाडं, इम्युन सिस्टिम, सगळ्यांचंच काम या पुड्यांवर चालतं, आणि फक्त गाठीच्याच पुड्या थांबवणारं काही अजून माणसात देण्यासारखं झालेलं नाही.

प्रश्न : नवऱ्याला हिपॅटायटिस बी मुळे लिव्हर कॅन्सर झालाय. त्याच्या थुंकीतून, घामातून असे एक्सोसोम आमच्यात येऊन मला आणि मुलांना कॅन्सर होईल का? सासूबाई मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत, ताटवाटी वेगळी केलीय.

उत्तर : नाही होणार. मुलांना आजच त्यांच्या बाबांजवळ जाऊ द्या, मांडीवर बसू द्या, ताटवाटी वेगळी ठेवायची काही गरज नाही. थुंकीत एक्सोसोम असतात हे खरं, पण ते दुसऱ्याच्या शरीरात जाऊन कॅन्सर तयार करत नाहीत, लिव्हर कॅन्सर संसर्गजन्य नाही. सासूबाईंना हे पान वाचून दाखवा, भीती त्यांनाही वाटतच असणार, रागावून सांगू नका.

लक्ष द्यायचं ते व्हायरसकडे. हिपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने जात नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं, आणि जखमेतलं रक्त पुसताना हातमोजे. तुम्ही आणि मुलं, सगळ्यांनी तीन रक्ततपासण्या करून घ्या, एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी. पहिल्या तपासणीने आत्ता व्हायरस आहे का ते कळतं, दुसरीने संरक्षण आहे का ते आणि तिसरीने आधी कधी येऊन गेलाय का ते. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस घ्या, मोठ्यांना बहुधा तीन डोस लागतात, पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्याला. जागतिक आरोग्य संघटना तर बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस द्या असं सांगते, कारण जेवढ्या लहान वयात हा व्हायरस येतो तेवढा तो कायमचा राहण्याचा धोका जास्त. नवऱ्याची भावंडं आणि आईसुद्धा तपासून घ्या, त्याला तो लहानपणीच आला असेल तर घरात आणखी कुणाला असू शकतो आणि वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नसल्यामुळे कळलेलंच नसतं. कुणाचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तरी घाबरू नका, लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा, व्हायरस किती आहे ते मोजतात आणि गरज असेल तर रोज एक गोळी देतात.